वास सुटेपर्यंत

पहाटे खिडकी उघडली तर समोरची इमारत अर्धीच दिसत होती. खालचे मजले धुरक्यात बुडालेले आणि वरचे तेवढे तरंगत असलेले. पनवेलजवळच्या आमच्या नावड्याला हिवाळा आला की असंच होतं. थंडी म्हणावी अशी थंडी पडत नाही. शाल घ्यावी तर घाम येतो, न घ्यावी तर घसा धरतो. पण हवा जड होऊन खाली बसते आणि कारखान्यांच्या बाजूचे सगळे वास मांडीवर घेऊन बसते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मग उजाडायच्या आतच सुरू होतं. "वास येतोय का कुणाला?" "हो ना, डोकं उठलंय." "सडक्या अंड्यासारखा आहे." "छे, आज जळक्या रबराचा आहे." "खिडक्या लावून घ्या, मुलं खोकतायत."

मी चष्मा लावून हे सगळं वाचते. मग खिडकीशी जाऊन श्वास घेते. खोल घेते. पुन्हा घेते.

माली आणि अर्णव, माझ्या नातवंडांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला स्वतःच वाचता आलं असतं. मी इंग्रजी शाळेत शिकले, पुढे जन्मभर इंग्रजीच शिकवलं, वाणसामानाची चिठ्ठीसुद्धा अजून इंग्रजीत लिहिते. पण घाबरते मात्र मराठीत. म्हणून बाबाला शेजारी बसवा आणि त्याच्याकडून वाचून घ्या. तो मध्येच थांबला तर त्याला पाणी द्या आणि पुढे वाचायला लावा. शाळेत मी हेच करत असे.

गेल्या हिवाळ्याची गोष्ट आहे. गोष्ट तरी कशी म्हणू, तो एक वासच आहे, आणि नेमका तोच मला आला नाही.

दिवाळीनंतर मला पडसं झालं. घरातल्या घरात बरं होणारं, सुंठ-गुळाचं पडसं. ते गेलं, आणि जाताना काहीतरी घेऊन गेलं हे मला लगेच कळलं नाही. जेवण बेचव लागायचं, तर वाटायचं तोंडाची चव अजून यायची आहे. मुगाची खिचडी ओल्या पुठ्ठ्यासारखी. सायीचं दही थंड चुन्यासारखं. आंघोळीच्या साबणाला वास नाही म्हणून मी वाण्याकडे तक्रार केली. तो म्हणाला, "बाई, तोच साबण आहे, तुम्ही इतकी वर्षं नेताय तोच." मी साबण बदलून आणला. त्यालाही वास नव्हता.

मग एका पहाटे ग्रुपवर असाच ओरडा झाला. वरच्या मजल्यावरच्या कुणाला उलटी झाली म्हणे. मी खिडकीत जाऊन उभी राहिले. समोर पिवळट धुरकं, खाली दुधाच्या गाडीचे दिवे, आणि नाकात काही नाही. वाईट वास नाही, चांगला नाही, नुसती गार हवा. सगळ्या इमारतीला जे येत होतं ते मला येत नव्हतं. मी हातात फोन घेऊन बराच वेळ उभी होते आणि मग लिहिलं, "हो, फार येतोय."

का लिहिलं? सगळ्यांत असावं म्हणून. वर्गात फळ्यावरचं न दिसणारा मुलगा शेजारच्याच्या वहीत बघून उतरवतो, तसं. मी अशी मुलं ओळखायची आणि त्यांना पुढच्या बाकावर आणून बसवायची. मला कोण ओळखणार होतं?

त्या दिवसापासून भीती घरात राहायला आली. तिला मी नीट जागा करून दिली, मला पसारा खपत नाही. गॅसची खालची कळ प्रत्येक वेळी बंद. शेगडी पेटवायच्या आधी खिडकी उघडी, पंखा बंद, दोन्ही बटणांना हात लावून खात्री. तुमचे आजोबा कारखान्यात होते तेव्हा त्यांनी मला सांगितलं होतं की घरच्या गॅसला स्वतःचा वास नसतोच. तो मुद्दाम मिसळतात. माणसाला वेळेवर भीती वाटावी म्हणून. सगळ्यांच्या घरी ती भीती पाइपातून येते. माझ्याकडे पोचेनाशी झाली, तेव्हा मला ती हातानं तयार करावी लागली. काडी ओढताना मी डोळे मिटून घेत असे. आमच्याकडे लायटर आहे, तरी काडी. कारण काडी ओढायला जास्त वेळ लागतो, आणि त्या वेळात माणूस विचार करतो.

आजोबांचा एक शर्ट कपाटात आहे, तुम्ही पाहिलाय. ते कामावरून आले की त्यांच्या अंगाला पिकल्या केळ्यांचा वास यायचा. फळाचा नाही, कुठल्याशा रसायनाचा. मिहीर, तुमचा बाबा, लहानपणी दार उघडल्याबरोबर विचारायचा, "केळी आणली?" आणि रोज फसायचा. ते गेल्यावर मी तो शर्ट धुतला नाही. वर्षातून दोनदा काढून नाकाशी धरते आणि ठेवते. त्या हिवाळ्यात काढला, तर तो नुसता शर्ट होता. निळ्या रेघांचा, कॉलर विरलेला. मी घडी घालून ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. कपाटाला कुलूप लावायचं काही कारण नव्हतं.

पण खरी भीती याच्याही मागे होती. ती माझ्या आईची.

आईचं दूध करपायला लागलं होतं. ती ओट्याशीच उभी असायची आणि दूध तळाला लागून काळं होईपर्यंत तिला कळायचं नाही. "वास आला नाही ग," म्हणायची, आणि आम्ही हसायचो. दोनेक वर्षांनी ती चहात मीठ घालू लागली. पुढे एकदा दुपारी तिनं मला अगदी आदरानं विचारलं, "आपण कुणाकडल्या?" आधी नाक गेलं आणि मग बाकीचं, त्याच वाटेनं. निदान मी तरी ते तसंच लावून ठेवलंय. मी प्रत्येक गोष्ट क्रमानं लावते, ही मात्र लावायला नको होती.

आता याडोमकडे येते. तुम्हाला त्यात नवल नाही. तुमच्याकडे ती प्रत्येकाच्या खिशात असते. पण बाबाला वाचता वाचता कंटाळा येऊ नये म्हणून सांगते. पहिल्यांदा थायलंडला, तुमच्याकडे चियांग मायला आले तेव्हा दुकानात, बसमध्ये, बँकेतसुद्धा माणसं खिशातून छोटी नळी काढून सरळ नाकाला लावताना पाहिली आणि मला ते फार वाईट दिसलं. चारचौघांत नाकाशी काही करू नये असं आम्हाला शिकवलेलं. तुमच्या आईनं, प्लॉयनं, मला हसत सांगितलं की या म्हणजे औषध आणि डोम म्हणजे हुंगणं. उन्हानं चक्कर आली, बस लागली, परीक्षेची धास्ती वाटली, की याडोम. निघताना तिनं मला एक हिरव्या झाकणाची काचेची बाटली दिली. आत मोडलेले मसाले, वर पातळ कापड. मी ती शोभेची म्हणून फळीवर ठेवली होती.

त्या हिवाळ्यात मी ती उघडली आणि नाकाशी धरली. सर्रकन गारवा वर गेला, दोन भुवयांच्या मध्ये टोचला, डोळ्यांत पाणी आलं. आला! वास येतोय की! मी ओट्याला धरून उभी राहिले आणि एकटीच मोठ्यानं हसले. त्यानंतर रोज सकाळी दात घासले की बाटली. गारवा आला की दिवस सुरू. ग्रुपवर कुणी काही म्हणो, माझं नाक शाबूत होतं. फक्त कारखान्याचा घाणेरडा वास तेवढा घेत नव्हतं, आणि हे तर बरंच झालं. माणूस किती सहज स्वतःची समजूत घालतो! शेजारच्या कुणाची इतक्या लवकर घालता आली नसती.

मग मालीचा फोन आला. तुमच्याकडे शेतं जाळायचे दिवस जवळ आले होते, त्या धुरानं अर्णवचं नाक दरवर्षी बंद होतं. "आजी, तू याडोम कर ना. इंडियाची. आमच्याकडे कुणाकडेच इंडियाची नाही." मी म्हटलं करते. त्यात काय, मसालेच तर आहेत. ते माझ्याकडे डब्यांत, नावं लावून, वर्षानुवर्षं उभे आहेत. पनवेलला जाऊन काष्ठौषधींच्या दुकानातून भीमसेनी कापूर, साधा कापूर आणि पुदिन्याचं फूल, म्हणजे मेंथॉलचे खडे, आणलं. दुकानदार म्हणाला, "अमृतधारा करताय वाटतं? मग ओव्याचं फूल राहिलं." मी म्हटलं, "थायलंडची आहे." तर म्हणाला, "तिकडं पण पोट बिघडतं का?"

प्लॉय व्हिडिओवर शिकवायला बसली. तिचं इंग्रजी हळू आणि माझं काटेकोर, मध्ये मध्ये तिचं ठेवणीतलं मराठी. लवंग, वेलची, दालचिनी, बाद्यान, मिरे, जायपत्री, आणि तिनं पाठवलेली तिकडच्या खडबडीत लिंबाची वाळलेली साल. खलबत्त्यात फक्त मोडायचं, पूड करायची नाही. "आधी कोरडंच बाटलीत भरा, आई. कापूर आणि फूल सगळ्यात शेवटी. ते घातलं की बाकीचं कळत नाही. आत्ता वास घ्या आणि सांगा, काय जास्त झालंय?"

मी बाटली नाकाशी धरली. काही नाही. गारवा नाही, टोचणं नाही. काचेची कड नाकाला लागली तेवढीच. समोर पडद्यावर प्लॉय वाट बघत होती, तिच्या खांद्यामागून माली डोकावत होती.

"लवंग जास्त झालीय," मी म्हटलं.

प्लॉय हसली. "लवंग? आई, लवंग तर अजून ताटलीत आहे. मला दिसतेय."

ताटलीत होती. माझ्या उजव्या हाताशी, मोजून ठेवल्यासारखी.

"हाताला लागलाय ग वास," मी म्हटलं, आणि शाळेत मुलं खोटं बोलताना जसं करतात तसं लगेच दुसरं बोलायला लागले. प्लॉय हसायची थांबली होती.

फोन ठेवल्यावर मी त्या ताटलीकडे बघत बसले. मग मला वाटलं, मसाला कच्चा आहे म्हणून असेल. कच्चा मसाला कधी बोलतो का? जन्मभर गोडा मसाला केला तो भाजूनच. आमच्या सगळ्या घरांत मसाल्याची कृती एकाच मापानं सांगतात: खमंग वास सुटेपर्यंत भाजा. किती मिनिटं, किती आच, कुणी सांगत नाही. आईनं मला तशीच सांगितली, मी पुस्तकात लिहून घेतली तेव्हाही तशीच लिहिली. थायलंडची बाई भाजत नसेल, आपण भाजू. भाजल्यावर सुटेल. सुटलाच पाहिजे. मी लोखंडी तवा ठेवला, आच मंद केली, लवंग-दालचिनी-वेलची सगळं त्यावर पसरलं आणि कालथ्यानं हलवत वास सुटायची वाट बघू लागले.

वाट बघता बघता मी खिडकीकडे बघत होते की आत कुठे, मला सांगता येत नाही. हात आपोआप फिरत होता. आता सुटेल. आईच्या ओट्याशी उभी राहून मी लहानपणी तेच करायचे. वास सुटला की आई पदरानं तवा उतरवायची, तिला बघावंसुद्धा लागायचं नाही. आता सुटेल. धुरकं आत आलंय असं मला वाटलं. खिडकी उघडीच होती.

दारावर थापा पडल्या. घंटी असताना थापा मारणारं एकच माणूस आहे, समोरची मंदाताई. ती इथली मूळची. या इमारती जिथे उभ्या आहेत तिथे तिच्या सासऱ्यांची भातशेती होती. मजल्यावरचे तीन फ्लॅट तिचे आहेत, दोन भाड्यानं दिलेत, आणि आवाज अजून बांधावरून बांधावर मारायचा आहे.

"बाय, काय जलतंय तुज्या घरान? आख्खा जिना भरलाय!" म्हणत ती मला ढकलून आत गेली, शेगडी बंद केली, तवा उचलून मोरीत टाकला. पाणी पडल्यावर फुस्स आवाज झाला तेव्हा मी तव्याकडे पाहिलं. कोळसे होते. लवंगांचे, वेलच्यांचे, आकार तसेच ठेवून झालेले कोळसे.

"मी वास सुटायची वाट बघत होते," मी म्हटलं.

मंदाताईनं माझ्याकडे वळून पाहिलं. ती घरी गेली आणि एक डबा घेऊन परत आली. सुक्या बोंबलांचा. तिला ठाऊक आहे की मी तिच्याकडे बोंबील भाजत असतील तर आमचं दार लावून घेते. यावरून तिनं मला बारा महिने टोमणे मारलेत. तिनं डब्याचं झाकण काढलं आणि तो माझ्या नाकाशी धरला.

"काय येतंय?"

"काही नाही."

"खोटा बोलू नको."

"मंदाताई, काहीच येत नाही."

ती खुर्चीवर बसली. डबा मांडीवर, झाकण हातात. "मस्करी करायला आनला होता गो मी," ती म्हणाली. "आता मनाच भ्याव वाटाया लागला."

मी तिला आईचं सांगितलं. आधी कुणाला सांगितलं नव्हतं, तुमच्या बाबालाही आईची सुरुवात अशी झाली हे माहीत नव्हतं. मोरीतून धूर येत होता. मंदाताई ऐकत होती आणि मधूनच डब्यातल्या बोंबलाचा वास स्वतः घेऊन बघत होती, जणू चूक बोंबलाची असेल.

"मिहीरला सांग," शेवटी म्हणाली.

"सांगितलं की तो मला घेऊन जाईल. घर बंद करील."

"मंग? गॅस भडकून हवेन उरालीस तर घर उघडा राहील काय? आमी बी तुज्यासंगट उरू. तू सांगतेस का मी सांगू?"

मी फोन लावला. प्लॉयनं उचलला. मी अजून पहिलंच वाक्य जुळवत होते तोवर ती म्हणाली, "आई, मला त्या लवंगेलाच कळलं. मिहीरला बोलले नाही. म्हटलं, तुम्ही सांगाल." ती नवी सून असताना, पहिल्या वर्षी, तिच्या हातचं मी काय काय नावडतं म्हणून ताटात टाकलं होतं, ते सगळं मला त्या क्षणी आठवलं.

मग मिहीर फोनवर आला आणि मी त्याला नाकाचं, आईचं, सगळं सांगितलं. तो मला भीती वाटत होती तेच आणि त्याच क्रमानं बोलला. "तिकीट काढतो. गॅस आहे घरात, आई! तू एकटी आहेस."

"गॅस काढून टाकते. विजेची शेगडी घेते."

"आणि बाकीचं? जे पुढे होईल ते? तू एकटी—"

मंदाताईनं फोन माझ्या हातातून ओढला. "एकटी कशी रं? मी मेली काय? माजा नाक चांगला हाय. रोज सकाली तिच्या घरान घेऊन येन."

मिहीर हसला नाही. म्हणाला, "पुढच्या हिवाळ्यात आम्ही येतो. मी स्वतः बघतो. मग ठरवू. तोवर डॉक्टर."

डॉक्टरीणबाई तुमच्या आईहून लहान होत्या. मी याडोमची बाटली बरोबर नेली होती. मी अभिमानानं सांगितलं की याचा वास मात्र मला येतो. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, तो वास नाही, तो गारवा आहे. पुदिन्याचा गारवा आणि कापराची झिणझिण वेगळ्या शिरेवरून जाते, ती शीर वासाची नाही; नाक मेलं तरी ती जागी राहते. म्हणजे मी इतके दिवस रोज सकाळी ज्याला नाक समजत होते ते नुसतं अंगावर गार पाणी पडल्यासारखं होतं. मला त्या दिवशी आजारापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"पडशानंतर जातो असा कधी कधी. येतोही. वयानंही जातो." मग म्हणाल्या, "आणि आईंची हिस्टरी आहे, तर स्मरणाच्या चाचण्याही करू." मी घड्याळाचं चित्र काढून दिलं, सांगितलेले शब्द उलट म्हणून दाखवले. कागदावर त्यांनी लिहिलं, वयाच्या मानानं ठीक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेपरवर शेरे मारले. ठीक म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे.

त्यांनी अभ्यास दिला. रोज सकाळ-संध्याकाळ तेच ते वास, एकेक, शांतपणे, डोळे मिटून. लवंग. लिंबाची साल. वेलची. दालचिनी. कापूर आणि पुदिना नको, ते फसवतील. म्हणजे तुमच्या आईची बाटली, शेवटची पायरी न केलेली. मी चार छोट्या बाटल्या केल्या, चिठ्ठ्या लावल्या, आणि त्या अजून उघडते.

लवंगेची बाटली नाकाशी धरते तेव्हा मला काय येतं ते सांगू? दाढ दुखताना आईनं गालात ठेवलेला कापसाचा बोळा. पानाच्या विड्याला टोचलेली लवंग, ती आधी काढून खाणारे माझे वडील. परीक्षेच्या हॉलमध्ये खोकला येऊ नये म्हणून तोंडात धरलेली. वास म्हणून नाही येत, चित्र म्हणून येतं. मी आठवते आणि आठवण नाकाचं काम करते. कधी एखाद्या क्षणी वाटतं, हा आला, खराच आला, आठवणीच्या पुढे दोन पावलं. डोळे उघडले की नसतो. मग वाटतं, आज माझ्याकडे आठवण आहे म्हणून नाकाचं भागतंय. उद्या तिनंही हात काढून घेतला, तर ती लवंग काळ्या काडीसारखी दिसेल, आणि मी ती घेऊन कुणाला तरी आदरानं विचारीन, हे काय आहे हो? हे लिहिताना माझा हात थांबतो. पुढे लिहिते.

तुमची याडोम मी पुन्हा केली. न भाजता. प्लॉय पडद्यावर, मंदाताई शेजारी. काचेच्या वाटीत दोन्ही कापूर आणि पुदिन्याचं फूल एकत्र घासलं, तसे ते तिन्ही कोरडे खडे डोळ्यांदेखत पाणी झाले. मी तेव्हाही दचकले. घट्ट असलेलं काही नुसत्या शेजारानं विरघळतं हे बघायला बरं वाटत नाही. वरून निलगिरीचे थेंब. ते पाणी मसाल्यांवर ओतलं, झाकण लावलं, मुरू दिलं. मंदाताईनं हुंगून सांगितलं, "झकास. डोक्याच्या आरपार जातंय." मी पार्सल केलं.

तुम्ही ते पडद्यासमोर उघडलंत. अर्णवनं लांब श्वास घेतला आणि अंगठा वर केला. मालीनं बाटली नाकाशी धरली, काढली, पुन्हा धरली.

"आजी, याला लोणच्याचा वास येतो."

"माली!" तुमची आई म्हणाली.

"येतो! आधी थंड, मग लोणचं!"

मी बाटल्या उकळून, उन्हात वाळवून घेतल्या होत्या. झाकणं जुनीच होती, आधी त्याच बाटल्यांत कैरीचं लोणचं असायचं. झाकणातल्या रबरानं ते धरून ठेवलं असणार. तुम्ही सगळे हसलात, बाबा खुर्चीवरून पडायचा बाकी होता, मंदाताई माझ्यामागून ओरडली, "मना बी आला होता, मना वाटला तिकरची रीत असंल!" मीही हसले. खूप हसले.

फोन बंद झाल्यावर घर शांत झालं आणि मी घराकडे बघायला लागले. आणखी कशाकशाला वास येत असेल? फ्रिजला? उशीच्या अभ्र्याला? मोरीला? रोज धुतलेल्या, पण पावसाळ्यात नीट न वाळलेल्या साडीला? मला? म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत शिरताना तरुण माणसं एक क्षण श्वास धरतात, मी स्वतः धरलाय. ती काही बोलत नाहीत, खिडकी उघडतात. प्लॉय बोलली नसती. मंदाताईसुद्धा, बघा, बोलली नव्हती. एवढ्या मोठ्या तोंडाची बाई, तिनंही रीत असेल म्हणून सोडून दिलं. बोलली फक्त माली.

आता तुम्ही येताय. विमान संध्याकाळचं आहे; या पानांचे फोटो आत्ताच फोनवर पाठवते, म्हणजे बाबाला विमानात वाचून दाखवता येतील. बाबा येऊन बघणार, मग ठरवणार. तो माझ्याशी फोनवर हल्ली फार गोड बोलतो, आणि त्याचं गोड बोलणं मला लहानपणापासून ओळखता येतं. मंदाताई काल म्हणाली, "त्यांच्या आधी घरभर धूप घालू. फिनेल मारू. पोराला कललंच नाय पायजे काय." मी तिला हो म्हटलं होतं. तिनं धूपही आणून ठेवला होता. आज सकाळी तिला परत नेऊन दिला. ती रागावली आहे. म्हणते, शिकलेल्या बायांना अक्कल कमी.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते, आणि ते बाबानं वाचून दाखवल्यावरच करा, लपवून नाही. मी दार उघडीन तेव्हा लगेच आत येऊ नका आणि लगेच मला मिठी मारू नका. आधी तिथेच, उंबऱ्याबाहेर उभे राहा आणि श्वास घ्या. घराचा घ्या, मग माझा. जो येईल तो सांगा. खराब असेल तर खराब म्हणा, आई डोळे वटारील तरी म्हणा. बाबा ते ऐकेल आणि त्याला जे ठरवायचं ते तो ठरवील. मी त्या वेळी दाराला धरून उभी असेन आणि मला फार भीती वाटत असेल, तिकडे लक्ष देऊ नका. सांगून झालं की मग आत या.